जांभ्याच्या भिंतीतून फायबर केबल आत घेण्यासाठी भोक कोठे आणि कसे पाडावे?

प्रश्न – राजापूरचा चाकरमानी

नमस्कार. राजापूर तालुक्यातील आमच्या गावच्या घरी यंदा फायबर इंटरनेटची जोडणी घेण्याचे ठरले आहे, कारण पावसाळ्याचे चार महिने गावी राहून मुंबईचे काम करण्याची परवानगी मला मिळाली आहे. घर आजोबांनी बांधलेले, जांभ्याच्या चिऱ्यांचे आणि मातीच्या दरजांचे (चिऱ्यांमधल्या सांध्यांचे) आहे. बाहेरून पुढे कधीतरी सिमेंटचा गिलावा झाला आणि आठ वर्षांपूर्वी आतून गिलावा करताना नव्या वायरिंगच्या नळ्या भिंतीत पुरण्यात आल्या. दाराच्या चौकटीपाशी मोजली असता भिंत पंधरा इंच भरते.

केबल रस्त्याकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या खांबावरून येणार आहे. पाहणीसाठी आलेल्या मुलाने ओटीच्या पश्चिम भिंतीकडे बोट दाखवले आणि खिडकीच्या बाजूला छातीइतक्या उंचीवर भोक मारू, दहा मिनिटांचे काम आहे, असे सांगितले. माझी अडचण अशी की गेल्या वर्षी शेजारच्या घरी असेच दहा मिनिटांत काम उरकले होते, आणि आषाढात केबलच्या कडेने पाणी आत उतरून भिंतीवर परातीएवढा ओलाव्याचा डाग पडला व खालच्या फळीवरचे इंटरनेटचे यंत्रही गेले. वडिलांनी तो डाग पाहिलेला असल्यामुळे दर्शनी भिंतीला भोक पाडण्यास त्यांचा ठाम विरोध आहे.

आगोटीची (पावसाळ्याआधीची) कामे चालू आहेत, मृगाला अजून तीन आठवडे आहेत. भोक कोणत्या भिंतीला घ्यावे, किती व्यासाचे असावे आणि ते बुजवावे कशाने, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. माझ्याकडे साधे, १३ मिलिमीटर चकचे (ड्रिलचे टोक धरणाऱ्या पकडीचे) ड्रिल यंत्र आहे.

उत्तर – गिलावा

आपल्या वडिलांचे म्हणणे योग्य आहे, असे सुरुवातीलाच नोंदवतो. मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो असून नोकरीची बरीच वर्षे कोकणात काढली आहेत. बाहेरच्या भिंतीतील भोक गळते ते बहुधा भोक वाईट पाडले म्हणून नव्हे, तर ते पावसाच्या तोंडावर आणि उलट्या उताराचे पाडले म्हणून. आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वारा पाऊस आडवा आणून पश्चिम आणि दक्षिण भिंतींवर आपटतो. पूर्वी लोक या दोन बाजूंना झावळ्यांच्या झडी बांधत, ते भिंत भिजू नये म्हणूनच. ज्या भिंतीला झड बांधावी लागते त्या भिंतीला छातीइतक्या उंचीवर भोक पाडणे म्हणजे पाण्याला आमंत्रण आहे.

केबल खांबावरून पश्चिमेला आली म्हणून ती पश्चिमेलाच आत घेतली पाहिजे, असा काही नियम नाही. ती वळचणीखालून भिंतीच्या कडेने फिरवून पूर्वेच्या पडवीत न्यावी आणि तेथे आत घ्यावी. त्यासाठी तीस-चाळीस मीटर केबल जास्त लागेल. जोडणी करणारा माणूस "लांबी वाढली की वेग कमी होतो" असे सांगण्याची शक्यता आहे. ते तांब्याच्या तारेच्या बाबतीत काही प्रमाणात खरे असले तरी फायबरच्या बाबतीत येथे गैरलागू आहे. १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची घट किलोमीटरमागे साधारण ०.३५ डेसिबल असते, म्हणजे चाळीस मीटरला ०.०१४ डेसिबल. एका साध्या जोडणीत याच्या कितीतरी पट, ०.३ डेसिबलपर्यंत, घट होऊ शकते. केबल कोपऱ्यावर करकचून वाकवली तर मात्र खरोखर नुकसान होते. म्हणून भिंतीच्या कोपऱ्याशी ती काटकोनात न दाबता मुठीएवढा मोकळा वळसा देऊन फिरवावी.

आता जांभ्याविषयी थोडेसे. या दगडाला फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ साली लॅटराइट हे नाव दिले आणि ते विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. हे नाव चपखल आहे, कारण खाणीतून काढताना चिरा कुऱ्हाडीने तासता येईल इतका मऊ असतो आणि हवा लागल्यावर कठीण होत जातो. त्यामुळे जुन्या भिंतीत चिऱ्याचा वरचा पापुद्रा कठीण आणि गाभा त्यापेक्षा मऊ असू शकतो. ड्रिल सुरुवातीला अडते आणि दोन-तीन इंचांनंतर एकदम पुढे सरकते, तेव्हा हातावर ताबा हवा. शिवाय जांभा सच्छिद्र आहे. भोकात शिरलेले पाणी त्याच वाटेने आत येईल असे नाही; ते चिऱ्यात मुरून दोन फूट खाली भलतीकडेच डाग दाखवते. म्हणूनच नुसते भोक पाडून त्यातून केबल ओवणे येथे पुरेसे नाही. भोकात आरपार नळी बसवलीच पाहिजे.

जागा निवडताना तुळईच्या टेकूखालचा भाग, खिडकी-दाराच्या कडेचा एक वीतभर पट्टा आणि भिंतीचा कोपरा टाळावा. मातीच्या दरजांच्या भिंतीत या जागी चिऱ्यांवर भार आधीच अधिक असतो. खिडकीवर काँक्रीटची लिंटेल (भार पेलणारी आडवी पट्टी) असेल तर तेथेही जाऊ नये. ड्रिलचे टोक सळईवर आपटेल. भोक शक्यतो चिऱ्याच्या मध्यावर घ्यावे, दरजेत घेऊ नये. गिलाव्यामुळे दरज दिसत नसेल तर बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. चिऱ्यावरचा आणि मातीवरचा आवाज वेगळा येतो.

उत्तर – कणकवलीची

वरील उत्तर उत्तम आहे, परंतु मला मुळातच एक शंका आहे. घर कौलारू असेल तर भोक पाडायचेच कशाला? भिंतीचा माथा आणि वासे यांच्यामध्ये फट असतेच. आमच्या घरी केबल वळचणीखालून त्या फटीतून माळ्यावर घेतली आणि तेथून तुळईच्या कडेने खाली माजघरात उतरवली. भिंतीला एक खिळाही ठोकला नाही.

मात्र एक सावधगिरी सांगते, जी आम्ही घेतली नव्हती. माळ्यावर उंदीर असतात, आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी केबल दोन ठिकाणी कुरतडली. दुसऱ्यांदा आम्ही माळ्यावरचा संपूर्ण भाग पीव्हीसी नळीत घालून घेतला, तेव्हापासून त्रास नाही.

उत्तर – जुना वायरमन

मी एकतीस वर्षे वायरिंग केले आहे. वरच्या मंडळींनी पाण्याचे सांगितले, मी विजेचे सांगतो.

एक म्हणजे भिंतीत पुरलेल्या नळ्या. आठ वर्षांपूर्वीचे काम असेल तर नळ्या बोर्डापासून सरळ वर गेल्या असतील, असे समजून चालावे, पण खात्री धरू नये. नळी वाचवण्यासाठी तिरका मार्ग काढणारे कारागीर मी स्वतः पाहिले आहेत. प्रत्येक बोर्डाच्या सरळ वरचा, सरळ खालचा आणि त्याच उंचीवरचा आडवा पट्टा पूर्ण वर्ज्य समजावा. भोक पाडताना घराचा मुख्य स्विच बंद करावा आणि ड्रिलसाठी वीज शेजारच्या घरातून लांब वायरीने आणावी. "इतकेसे काम, कशाला स्विच बंद करायचा" असे म्हणणाऱ्याचे ऐकू नये. तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेली असेल तर उत्तमच, पण तिच्या भरवशावर चालू तारेच्या दिशेने ड्रिल घालणे हा शहाणपणा नव्हे.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फायबर काचेचे असते, त्यातून वीज वाहत नाही, म्हणून आकाशातील विजेची भीती नाही, असे सर्रास सांगितले जाते. परंतु खांबावरून घरापर्यंत येणाऱ्या चपट्या काळ्या केबलला ताण सहन करण्यासाठी एका कडेला स्टीलची तार असते. ती तार वीज उत्तम वाहून नेते. ती बाहेरच्या भिंतीवरील आकड्यावर अडकवून तेथेच सोलून वेगळी करायची आणि तोडायची असते. भोकातून आत येते ती फक्त काचेच्या तंतूची बारीक पट्टी. त्या पट्टीतही कधी कधी बळकटीसाठी धातूच्या बारीक तारा असतात. आपल्याकडे मे महिन्यातील वळिवात आणि पुन्हा परतीच्या पावसात विजा जोरात असतात, त्यामुळे बिनधातूची पट्टी असलेली केबल मागून घ्यावी.

आणि जोडणीच्या वेळी फायबरच्या टोकात डोकावून पाहू नये. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नाही असे होत नाही.

प्रश्नकर्ता – राजापूरचा चाकरमानी

सर्वांचे मनापासून आभार. माळ्याचा मार्ग वडिलांना आवडला होता, परंतु आमच्या माळ्यावर वर्षाचे भात असते आणि उंदरांशी चाललेले त्यांचे युद्ध अद्याप अनिर्णित आहे, त्यामुळे तो विचार सोडला. पूर्वेच्या पडवीतून घेण्यास ते तयार झाले आहेत.

पूर्वेची भिंत खिडकीच्या खाचेत, दोन्ही बाजूंचा गिलावा धरून मोजली, तर ती सतरा इंच निघाली. दाराजवळ बहुधा चौकटीच्या कडेचा गिलावा धरला गेला नसावा. बाजारात ४५० मिलिमीटरचे ड्रिलचे टोक मिळते. सतरा इंच म्हणजे सुमारे ४३२ मिलिमीटर, म्हणजे ते पुरेल असे वाटते. भोकाचा व्यास आणि ते भरण्याची पद्धतही सांगावी.

उत्तर – गिलावा

४५० मिलिमीटरचे टोक आपल्याला पुरणार नाही. ती त्याची एकूण लांबी आहे. मागचा भाग यंत्रात जातो आणि प्रत्यक्ष उपयोगी लांबी सुमारे ४०० मिलिमीटरच राहते. भिंतीच्या शेवटच्या सव्वा इंचाशी येऊन अडकण्यापेक्षा ६०० मिलिमीटरचे घ्यावे. अशा लांब टोकांचा मागचा दांडा एसडीएस पद्धतीच्या खाचांचा असतो आणि तो आपल्या साध्या चकमध्ये बसणार नाही. गावातील नळकाम करणाऱ्याकडे किंवा भाड्याने यंत्रे देणाऱ्याकडे रोटरी हॅमर (ठोके देत फिरणारे ड्रिल) मिळेल. एका दिवसापुरते घेणे पुरेसे आहे.

व्यासाबद्दल लोक पुढचा विचार करत नाहीत. केबलची पट्टी स्वतः दोन बाय तीन मिलिमीटरचीच असते आणि टोकाची जोडणी आत आल्यावर बसवता येते, म्हणून आठ मिलिमीटरचे भोकही चालते. पण उद्या केबल तुटली आणि कोणी तयार टोकाची केबल घेऊन आला, तर ते चौकोनी टोक आठ मिलिमीटरमधून जाणार नाही आणि तो पुन्हा भिंतीला ड्रिल लावेल. म्हणून २० मिलिमीटर बाहेरील व्यासाची वायरिंगची पीव्हीसी नळी बसेल असे २२ मिलिमीटरचे भोक एकदाच घ्यावे. त्या नळीतून फायबरचे टोकही जाते आणि पुढे कधी कॅमेऱ्याची नेटवर्क केबल न्यायची झाल्यास तीही जाते. विजेची वायर मात्र त्याच नळीतून नेऊ नये.

भोक आतून बाहेर, आणि बाहेरच्या बाजूला उतरते घ्यावे. सतरा इंचांत पाऊण इंचाचा उतार पुरे. डोळ्याच्या अंदाजावर न विसंबता भिंतीवर आतल्या आणि बाहेरच्या तोंडाच्या खुणा खिडकीच्या एकाच कडेपासून मोजून कराव्यात आणि बाहेरची खूण पाऊण इंच खाली घ्यावी. पातळी साधणीने किंवा पाण्याच्या पारदर्शक नळीने जुळवावी, गवंडी जुळवतात तशी. आधी आखूड, दहा मिलिमीटरच्या टोकाने चार-पाच इंचांची वाट करावी, मग लांब टोक लावावे. एकदम लांब टोक लावले तर ते सुरुवातीलाच लचकते आणि वाट चुकते. दर दोन इंचांनी टोक बाहेर काढून भुकटी झाडावी, नाहीतर ती आतच घट्ट बसून टोक अडकते. शेवटचे दोन इंच राहिले की हॅमरचा ठोका बंद करून नुसते फिरवत न्यावे. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, कारण ठोका चालू ठेवून बाहेर पडल्यास बाहेरचा गिलावा बशीएवढा फुटून पडतो. बाहेर माणूस उभा करावा, पण भोकासमोर नव्हे, बाजूला.

नळी आणि भिंत यांच्यामधली पोकळी सिमेंटच्या घट्ट मालाने भरावी. नळीचे बाहेरचे तोंड भिंतीच्या बाहेर एक इंच काढून त्याला खाली वळणारा बेंड लावावा. नळीच्या आतील, केबलभोवतीची पोकळी मात्र सिमेंटने कधीही भरू नये, कारण मग केबल बदलताना पुन्हा छिन्नी घ्यावी लागते. तेथे सिलिकॉन भरावे, आणि तेही व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे नको. ते सिमेंटला नीट धरत नाही. डब्यावर न्यूट्रल असे लिहिलेले मागावे.

उत्तर – जुना वायरमन

गिलावा यांच्या उत्तरात एका ठिकाणी माझे मत वेगळे आहे. सिलिकॉन आतल्या तोंडाशी भरपूर भरावे, परंतु बाहेरच्या तोंडाशी ते गच्च भरू नये. दोन्ही तोंडे बंद केली आणि कोठून तरी पाणी शिरलेच, तर ते नळीत साचून आतल्या बाजूने वाट शोधते. बाहेरचे तोंड खाली वळलेले असल्यामुळे पाऊस त्यात शिरत नाही. तेथे बारीक जाळीचा तुकडा दाबून बसवला की पुरे. जाळी हवीच, कारण उघडी नळी दिसली की कुंभारीण माशी आठवड्याभरात तिच्यात मातीचे घर करते, आणि वाळवीलाही आयता बोगदा मिळतो. फुगणारा फोम कोणी सुचवला तर घेऊ नये. उन्हाने तो पिवळा पडून सुटतो आणि मुंग्या त्यात आनंदाने राहतात.

केबल बेंडमध्ये शिरण्याआधी तिला तोंडाच्या खाली अर्धा फूट झोळ द्यावा. केबलवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी येऊन गळून पडते, वर चढत नाही. शेजाऱ्यांच्या घरी हा झोळ नसणार, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे.

उत्तर – गिलावा

जाळीचे म्हणणे मान्य आहे. पडवीसारख्या आडोशाच्या जागी तेच अधिक बरे. उघड्या पश्चिम भिंतीवर मी तरीही दोन्ही तोंडे बंद करीन.

उत्तर – हडपसर

विषय जांभ्याचा असला तरी शहरातील वाचकांसाठी एक सूचना नोंदवतो. नव्या उंच इमारतींपैकी बऱ्याच ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या असतात. त्यांच्या बाहेरच्या भिंती विटांच्या नसून सळयांच्या काँक्रीटच्या असतात आणि त्यांवर इमारतीचा भार असतो. तेथे वरील कृती वापरू नये. बिल्डरने वातानुकूलन यंत्राच्या नळ्यांसाठी ठेवलेले भोक बहुतेक खोल्यांत असते, त्यातून केबल घ्यावी आणि सोसायटीला लेखी कळवावे.

प्रश्नकर्ता – राजापूरचा चाकरमानी

काम काल झाले, म्हणून सविस्तर कळवतो. रोटरी हॅमर गावातील नळकाम करणाऱ्याने दिला आणि तो चालवायला तोच आला. पहिल्या तीन इंचांना जवळजवळ दहा मिनिटे लागली, त्यानंतर टोक लोण्यात गेल्यासारखे सरकले. ठोकून पाहून जागा निवडली होती, तरीही दहाव्या इंचाच्या सुमारास टोक दरजेत उतरले आणि भोकातून माती पडू लागली. टोक बाहेर काढावे तेवढी आणखी माती, असे करता करता पाऊण घमेले भरले. वडील खुर्ची टाकून बसले होते; त्यांनी एकही शब्द उच्चारला नाही, आणि तेच अधिक अवघड होते. शेवटी भोक आरपार झाल्यावर नळी लगेच आत सारली, तेव्हा पडझड थांबली. नळीभोवतीची पोकळी अपेक्षेपेक्षा मोठी झाल्यामुळे गवंड्याने जांभ्याच्या बारीक कपच्या घालून मग माल भरला.

बाहेरचा गिलावा साधारण रुपयाच्या नाण्याएवढाच उडाला, कारण शेवटी ठोका बंद ठेवण्याचे मी तीनदा बजावले होते. उतार मोजला तो एक इंच भरला, म्हणजे थोडा जास्तच आहे. बेंड, जाळी, झोळ हे सर्व केले. आज सकाळी पडवीच्या बाहेरून बागेच्या पाइपने त्या जागी दहा मिनिटे पाणी मारले. आत भोकाखाली चिकटवलेला वर्तमानपत्राचा कागद कोरडा राहिला.

पाहणीला आलेला मुलगा जोडणी करून गेला. पूर्वेपर्यंत केबल नेण्यास त्याने आढेवेढे घेतले, पण जास्तीच्या ३८ मीटर केबलचे पैसे देतो म्हटल्यावर त्याचीही हरकत राहिली नाही. इंटरनेटचे यंत्र मात्र भोकाच्या बरोबर खाली न ठेवता दोन हात बाजूला, फळीवर ठेवले आहे.

उत्तर – जुना वायरमन

उत्तम. स्टीलची तार आत आणू दिली नाहीत ना?

प्रश्नकर्ता – राजापूरचा चाकरमानी

नाही. तो आणत होता. ती पडवीबाहेरच्या आकड्यावरच तोडायला लावली, आणि तोडलेला तुकडा वडिलांनी दोडक्याच्या मांडवाला बांधायला नेला.